वाकायचं नाही

आमच्या गिर्यारोहण मंडळात मला मान मिळाला तो केवळ मी जुन्नर तालुक्यातला म्हणून. पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारलं, "काय रे, तुमच्याकडे बिबटे असतात ना?" आणि वर्षभर वर्गात ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं तो मी त्या दिवशी अर्धा तास बोललो. त्यातलं बरंचसं खरं होतं.

खरं ते असं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाला पाणी आलं आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे दाट रानच की! आत सावली, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या उसातच वितात. तोडणीत पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री मादी येऊन एकेक उचलून नेते. २००१ ते २००३ च्या सुमारास तालुक्यात माणसांवर फार हल्ले झाले. तेव्हा बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडत. अभ्यासकांचं म्हणणं असं, की परक्या मुलखात नेऊन सोडल्यानं हे दुखणं वाढलंच. आणि जनावर तिथं राहतं थोडंच? २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक नर गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. 'आजोबा' हा २०१४ चा चित्रपट त्याच्यावरच आहे.

खोटं एवढंच सांगितलं, की मला त्याची भीती वाटत नाही.

जानेवारीत आम्ही अकराजण नाणेघाट आणि जीवधन करायला निघालो. घाटघरला सामान ठेवताना सरांनी सगळ्यांना बजावलं : बिबट्या दिसलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, हात वर करून मोठ्यानं बोलायचं, आणि मुख्य म्हणजे वाकायचं नाही. वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या लहान जनावरासारखा दिसतो. अमेरिकेतल्या डोंगरांत प्यूमा म्हणून याच्याच कुळातलं जनावर आहे, तिथल्या गिर्यारोहकांनाही हेच शिकवतात म्हणे. मी मान डोलावली. तालुक्याचा प्रतिनिधी ना मी!

गडावर वेळ कसा गेला कळलं नाही. वानरलिंगीचा सुळका बघत बसलो आणि उतरायला उशीर झाला. कातळातल्या पायऱ्या संपून रान लागलं तेव्हा उजेड पार मावळतीला आला होता. आम्ही चौघे मागे राहिलो होतो. वाटेच्या वळणावर, तीसेक पावलांवर, एका खडकावर तो बसलेला होता. मला आधी तो खडकाचाच भाग वाटला. मग त्याची शेपटी हलली.

माझ्या पुढचा मित्र सॅकमधून कॅमेरा काढायला खाली वाकला. मी त्याची कॉलर धरून त्याला असा काही वर ओढला, की शर्टाचं बटण तुटलं. हे मी शौर्यानं केलं असं सगळे सांगतात. पण माझे पाय लटपटत होते आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. आवाज दुसऱ्यानंच दिला. बिबट्यानं आमच्याकडे पाहिलं. रागानं नाही, कुतूहलानंही नाही. पाहुणे निघायची वाट बघावी तसं. मग उठला आणि कारवीत शिरला. पानही वाजलं नाही.

त्या रात्री घाटघरला नुसता जल्लोष चालला होता. आपण बिबट्या पाहिला! 'वार्षिकासाठी यावर चित्तथरारक काहीतरी लिही' असं मला तिथंच फर्मावलं गेलं. मी मात्र घोंगडीत जागा होतो. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट होती. म्हणजे अण्णा त्या वेळी उसात दारं धरत असणार. दारं धरायची म्हणजे काय, हे शहरातल्या मित्रांना सांगायला हवं. खोरं घेऊन वाकायचं, सरीचं तोंड फोडायचं, पाणी शेवटाला पोहोचलं की पुन्हा वाकायचं, माती ओढून ते बुजवायचं. रात्रभर. सरांचा पहिलाच नियम आमच्या घरात आठवड्याच्या आठवडे मोडला जात होता आणि मी एकोणीस वर्षं ते बघत आलो होतो. फोन करावा तर रेंज नाही.

सकाळी जुन्नरच्या वाटेवर फोन लागला. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "बरं. आन् जेवलास का?" मी म्हटलं, "अण्णा, रात्री वाकत जाऊ नका." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "मंग पानी काय उभ्यानं फिरवू?"

पुढच्या रात्रपाळीच्या आठवड्यात मी दोन दिवस घरी गेलो. रात्री अकराला मोटर सुरू झाली. अण्णा वाकणार, मी पाठीशी ताठ उभं राहून बॅटरी फिरवणार आणि मोठ्यानं बोलत राहणार, असं ठरलं. पण बोलणार किती? गावच्या गोष्टी तासाभरात संपल्या. आमच्यात तशी बोलायची सवयही नाही. मग मी इतिहासाचा पेपर सुरू केला. सातवाहन, नाणेघाटातली जकात, दगडी रांजण, आणि तिथल्या लेण्यात नागनिका राणीनं कोरवलेला लेख : कोणत्या यज्ञात किती दक्षिणा, किती हत्ती, किती घोडे, हजारांच्या हिशेबात गाई. उसाच्या फडाला मी व्याख्यानच देत होतो. मी काय शिकतो ते अण्णांनी आजवर कधी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. मध्येच थांबलो की खालून आवाज येई, "पुढं?"

दोनच्या सुमाराला शेवटची सरी भरत आली. अण्णा खोऱ्यावर हात टेकून उभे राहिले आणि बराच विचार करून म्हणाले, "एवढ्या गायांना चारा कुठून घालीत असंल रं ती बाई?"