परवडणारा ऑलिंपिक डोंगर

युरोपातला बर्फ म्हटलं की आपल्याकडे आधी टिटलिस आठवतं, नाहीतर युंगफ्राउ. सहलीबरोबर वर जायचं, तासभर एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकायचे, फोटो काढायचे आणि चॉकलेट घेऊन खाली यायचं. पण पायात स्की चढवून खरंच घसरायला शिकायचं असेल, तर हिशेब बदलतो. निवासाचे, पासचे, साहित्याचे आणि शिकवणीचे दर पाहिले की आल्प्समधली नावाजलेली ठिकाणं मध्यमवर्गीय खिशाला लगेच जड होतात.

शिवाय त्या पैशांत आपण नेमकं काय विकत घेतो, हाही प्रश्न आहेच. फ्रान्समधल्या ‘त्र्वा व्हाले’त सुमारे ६०० किलोमीटरच्या घसरवाटा एकमेकींना जोडलेल्या आहेत. निष्णात माणसाला ती पर्वणीच. नवशिक्या मात्र पहिले काही दिवस एकाच उतारावर पडत-उठत काढतो, आणि उरलेल्या वाटांचं भाडं फुकट भरतो. म्हणून मी शोध उलट बाजूने सुरू केला. डोंगर किती मोठा आहे, हे नंतर बघू. शिकायला पुरेसा आहे का, विमानतळापासून किती लांब आहे, बर्फ कमी पडला तर कृत्रिम बर्फाची सोय आहे का, आणि चार वाजता लिफ्ट बंद झाल्यावर करायचं काय? बल्गेरियातलं बान्स्को, स्लोव्हाकियातलं यास्ना आणि स्लोव्हेनियातलं क्रान्स्का गोरा ही नावं यादीत होतीच. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांत भरघोस उत्तर मिळालं ते सारायेव्होकडून. बोस्नियाच्या या राजधानीपासून तासाभराच्या आत दोन डोंगर आहेत, आणि १९८४ सालच्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या उतारावरच्या स्की-शर्यती त्यांच्यावरच झाल्या होत्या.

मुंबईहून इस्तंबूल आणि तिथून सारायेव्हो हा सरळ मार्ग. शेवटच्या टप्प्यात मात्र धुक्याची मर्जी सांभाळावी लागते. शहर चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. हिवाळ्यात थंड हवा तळाशी अडकते, वर गरम हवेचं झाकण बसतं आणि कोळशा-लाकडाचा धूर त्याखाली कोंडून राहतो. अशा वेळी विमानं रद्द होतात किंवा भलतीकडे उतरवली जातात. त्यामुळे परतीच्या प्रवासात एक दिवस हाताशी राखून ठेवावा.

विमान ज्या धावपट्टीवर उतरतं तिच्या खालून १९९३ साली एक बोगदा खणला गेला. लांबी सुमारे ८०० मीटर, उंची इतकी बेताची की बऱ्याच जणांना वाकूनच जावं लागे. बोस्नियाच्या युद्धात वेढ्यात अडकलेल्या शहरात धान्य, औषधं आणि शस्त्रं याच वाटेने येत आणि जखमी याच वाटेने बाहेर जात. बुटमिर भागातल्या ज्या घरापाशी तो उघडायचा, तिथे आता संग्रहालय आहे. बोगद्याचा जपून ठेवलेला तुकडा चालताना खांदे आपोआप आक्रसतात.

दोन डोंगरांपैकी आधी याहोरिनाला गेलो. रस्ता पाले गावावरून चढतो. शहर सोडल्यावर थोड्याच वेळात एक फलक लागतो आणि पाट्यांवरची लिपी बदलते, रोमनच्या जागी सिरिलिक पुढे येते. युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन कराराने बोस्नियाचे दोन मोठे राजकीय भाग केले. सारायेव्हो बोस्नियाक-क्रोएट संघराज्यात आलं आणि याहोरिना सर्बबहुल ‘रेपुब्लिका सर्प्स्का’त. गाडी कुठे थांबत नाही, कोणी पासपोर्ट मागत नाही. पुढच्या वळणांवर धूर खाली राहतो आणि एकदम लख्ख ऊन पडतं. हिवाळ्यात सारायेव्होकरांची शनिवार-रविवारी डोंगराकडे धाव का असते, ते या एका वळणावर कळतं.

भाड्याच्या साहित्याच्या दुकानात वजन, उंची, बुटांचा नंबर आणि ‘आधी कधी केलंय का’ एवढंच विचारतात. माणसाशी बोलता-बोलता दुकानदार पेचकसाने स्कीच्या पकडीची स्प्रिंग फिरवत असतो. वजन आणि कसब पाहून ती सैल किंवा घट्ट करायची, म्हणजे पडल्यावर पाय मुरगळण्याआधी बूट स्कीतून सुटतो. नवशिक्याची स्प्रिंग सैल. बूट म्हणजे प्लास्टिकचं चिलखतच. चार कड्या आवळल्या की घोटा हलत नाही आणि माणूस टाचा आपटत चालायला लागतो. टाच पकडीत दाबली की खट्‌ असा आवाज येतो, आणि तिथून पुढे पाय आपले राहत नाहीत.

माझा शिक्षक पन्नाशीच्या आसपासचा होता. त्याने आधी फक्त थांबायला शिकवलं. स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली, म्हणजे पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा आकार. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची. भीतीने शरीर मागे झुकतं, आणि मागे झुकलं की स्की हमखास निसटते. “पायांकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ,” हे त्याचं पालुपद. सरकत्या पट्ट्यावरून वर आणि पिझ्झा करत खाली, अशी सकाळ गेली. दुपारी त्याने खुर्ची-लिफ्टने वर नेलं आणि काठीने समोरचा उतार दाखवला. १९८४ मध्ये इथे महिलांच्या शर्यती झाल्या, त्या त्याने शाळकरी वयात पाहिल्या होत्या. त्यातल्या सर्वांत वेगवान शर्यतीचं, म्हणजे डाउनहिलचं, सुवर्ण स्वित्झर्लंडच्या मिकेला फिजिनीने जिंकलं तेव्हा ती अवघी १७ वर्षांची होती.

या खेळांचं यजमानपद सारायेव्होला १९७८ साली मिळालं. स्पर्धेत जपानचं साप्पोरो आणि स्वीडनचं गोटेन्बर्ग होतं. सारायेव्हो तेव्हा युगोस्लाव्हियात होतं, आणि समाजवादी देशात हिवाळी ऑलिंपिक होण्याची ती पहिलीच वेळ. त्या देशाचे सर्वेसर्वा टिटो १९८० मध्ये गेले, त्यांना ते पाहायला मिळालं नाही. पण युगोस्लाव्हियाने रस्ते, हॉटेलं, लिफ्ट आणि बर्फावरच्या खेळांसाठी झेत्रा हे बंदिस्त सभागृह उभं केलं. वुच्को नावाचा हसरा लांडगा शुभंकर झाला. तो आजही बाजारात खेळण्यांवर, टोप्यांवर आणि चुंबकांवर भेटतो.

पुरुषांच्या शर्यती समोरच्या ब्येलाश्नित्सावर झाल्या. हा डोंगर २०६७ मीटर उंच, झाडं सोडून वर गेलेला, वाऱ्याला उघडा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत, १८९४ साली, शिखरावर हवामान केंद्र बांधलं गेलं. इथली हवा मुद्दाम अभ्यासावी एवढी लहरी आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पुरुषांच्या डाउनहिलला निदान ८०० मीटरचा उतार लागतो. तो किंचित कमी भरत होता, म्हणून शिखरावर इमारत उभारून शर्यतीची सुरुवातच वर उचलली. एवढी खटपट करूनही वादळाने शर्यत अडवली. ९ फेब्रुवारीची डाउनहिल अखेर १६ तारखेला झाली आणि बिल जॉन्सन हा ती जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला. स्थानिकांच्या आठवणीत मात्र १४ फेब्रुवारी पक्की आहे. त्या दिवशी याच डोंगरावर यूरे फ्रँकोने जायंट स्लॅलममध्ये रौप्य मिळवलं. हिवाळी ऑलिंपिकमधलं युगोस्लाव्हियाचं ते पहिलं पदक. फ्रँको स्लोव्हेनियाचा. तरी बुरेकपेक्षाही युरेक (म्हणजे यूरे) आम्हाला प्रिय आहे, अशा घोषणा सारायेव्होकरांनी दिल्या. स्वतःच्या खिमा भरलेल्या बुरेकविषयी हे शहर किती हळवं आहे हे लक्षात घेतलं, तर यापेक्षा मोठा सन्मान त्यांच्याकडे नव्हता.

आठ वर्षांनी तो देश उरला नाही. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, म्हणजे १४२५ दिवस सारायेव्होला वेढा पडला होता. वेढा घालायला डोंगरच कामी आले. शहरालगतच्या ट्रेबेविच डोंगरावर ऑलिंपिकच्या बॉबस्लेसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या मार्गाचा तोफखान्याने आडोसा केला. पाले हे बोस्नियन सर्ब नेत्यांचं मुख्य ठाणं झालं. ब्येलाश्नित्सा आणि शेजारच्या इग्मान डोंगरावरची ऑलिंपिकची हॉटेलं जळाली. झेत्रा उद्ध्वस्त झालं, तिथल्या आसनांच्या लाकडाच्या शवपेट्या झाल्या, आणि ऑलिंपिकच्या मैदानांशेजारची मोकळी जागा दफनभूमी बनली. आज झेत्राची पुन्हा उभी राहिलेली इमारत आणि तिच्याजवळचे पांढरे दगड एकाच नजरेत येतात.

ट्रेबेविचला जायला जुन्या शहरातूनच रज्जुमार्ग आहे. तो १९५९ साली सुरू झाला, युद्धात मोडला आणि ६ एप्रिल २०१८ रोजी पुन्हा फिरू लागला. वर बॉबस्लेचा मार्ग झाडीतून नागमोडी उतरतो, भिंतींवर रंगीत चित्रं काढलेली. पोरं त्यावर चढून सेल्फी घेत होती. एका वळणावर काँक्रीटला आरपार भोकं आहेत, बंदुकीची नळी बाहेर काढायला पाडलेली. त्यातून डोळा लावून पाहिलं की खाली शहराचे रस्ते आणि छपरं स्वच्छ दिसतात. वेढा म्हणजे काय, ते समजायला एवढं पुरतं.

बोस्नियातल्या स्वस्ताईचं एक मोठं कारण इथे सापडतं. युगोस्लाव्हिया टिकता, तर ऑलिंपिकचं नाव, तयार लिफ्ट आणि शेजारी ५०० वर्षांचं शहर एवढ्या भांडवलावर इथले दर कुठल्या कुठे गेले असते. त्याऐवजी हॉटेलं जळाली, गुंतवणूक आटली आणि एकाच ऑलिंपिकचे दोन डोंगर दोन वेगळ्या प्रशासनांकडे गेले. दोघांचा कारभार वेगळा. नंतर सुधारणा झाली. याहोरिनाला नव्या लिफ्ट आणि बर्फ तयार करणारी यंत्रं आली. २०१९ साली सारायेव्हो आणि पूर्व सारायेव्हो यांनी मिळून युरोपीय युवा ऑलिंपिकचा हिवाळी महोत्सव भरवला, तेव्हा दोन्ही डोंगर एका कामाला पुन्हा जुंपले गेले. चलनातही युद्धाची खूण आहे. १९९८ मध्ये आलेला ‘परिवर्तनीय मार्क’ जर्मन मार्कला एकास एक जोडला होता. जर्मन मार्क गेला, बोस्नियाचा राहिला. त्यामुळे आजही एका युरोला १.९५५८३ मार्क हा दर ठरलेला, आणि हिशेब सोपा होतो.

चार वाजल्यानंतरचं उत्तर खाली शहरात आहे. बाश्चार्शियाच्या दगडी गल्ल्यांत तांब्याच्या भांड्यांवर हातोड्या चालू असतात. गाझी हुस्रेव बेगची मशीद १५३१ सालची. तिथून थोडं चाललं की ऑटोमन छपरं संपून एकदम व्हिएन्नाच्या धर्तीचे दर्शनी भाग सुरू होतात. मिल्यात्स्का नदीवरच्या लॅटिन पुलापाशी २८ जून १९१४ रोजी गाव्रिलो प्रिन्सिपने फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडल्या. नदीकाठीच १८९६ सालचं नगरभवन. पुढे ते राष्ट्रीय ग्रंथालय झालं, ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळ्यांनी पेटलं, आणि २०१४ साली पुन्हा उघडलं. थकलेल्या मांड्यांना हे सगळं अंतर चालण्यासारखं आहे.

खाण्याचा खर्च खिशाला लागत नाही. सोमून नावाच्या गरम पावात भरलेली खिम्याची चेवापी कच्च्या कांद्याबरोबर येते. शाकाहारी माणसाने दुकानात नुसतं बुरेक मागू नये, कारण इथे ते खिम्याचंच असतं. पालकाची झेल्यानित्सा, चीजची सिरनित्सा किंवा बटाट्याची क्रोंपिरुशा मागावी. वर दह्याचा ग्लास. कॉफी जेझ्वा नावाच्या तांब्याच्या भांड्यात गाळासकट येते आणि ती घाईने पिणाऱ्याकडे लोक दयेने बघतात.

आता रोखठोक. याहोरिनाच्या सगळ्या वाटा मिळून पन्नास किलोमीटरच्या आत आहेत, आणि ब्येलाश्नित्सा त्याहून लहान. पट्टीचा स्कीपटू इथे लवकर कंटाळेल. उंची आल्प्सच्या मानाने कमी, त्यामुळे एखाद्या उबदार हिवाळ्यात यंत्राच्या बर्फावर भागवावं लागतं. डिसेंबरचा जुगार खेळू नये. जानेवारीच्या सुरुवातीला ऑर्थोडॉक्स नाताळच्या सुट्ट्यांमुळे याहोरिना गजबजलेलं असतं, तेव्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीतले आठवड्याचे मधले दिवस पकडावेत. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. एकदाच प्रवेश देणाऱ्या शेंगेन व्हिसावर इथे आलात, तर परत व्हिएन्ना-पॅरिसला जाता येणार नाही. आणि आखलेली वाट सोडून झाडीत शिरायचं नाही. या डोंगरांत युद्धातले भूसुरुंग अजूनही पूर्ण निघालेले नाहीत. आल्प्समध्ये वाट सोडणं हे धाडस, इथे निव्वळ मूर्खपणा.

वाचलेल्या पैशांतले थोडे तरी शिक्षकावर खर्च करावेत. आल्प्समध्ये खासगी शिक्षक ही चैन, इथे ती जमण्यासारखी आहे, आणि एका चांगल्या शिक्षकाबरोबरचे दोन दिवस मोठ्या गटातल्या आठवड्याहून जास्त देतात. शिवाय निदान एक दिवस स्की दुकानातच ठेवून बुटमिरचा बोगदा आणि ट्रेबेविच पाहावं. ज्याला वाटांचे किलोमीटर मोजायचेत, त्याने खुशाल आल्प्सचे दर मोजावेत. पहिल्यांदा स्की चढवणाऱ्यासाठी, आणि डोंगर उतरल्यावर गावाशीही ओळख करून घेऊ पाहणाऱ्यासाठी, एवढ्या पैशांत याच्या तोडीचा सौदा मला युरोपात दुसरीकडे दिसला नाही. तो आपल्याला स्वस्त पडतो. त्याची खरी किंमत सारायेव्होने आधीच भरलेली आहे, एवढं तिकीट काढताना माहीत असावं.