सील आयलंडचा धनी

दक्षिण आफ्रिकेंत केप टाऊनजवळ फॉल्स बे नांवाचा विस्तीर्ण उपसागर आहे. पूर्वेकडून येणारे खलाशी हँगक्लिपच्या भूशिरासच केप पॉइंट समजत व चुकून येथें वळत. म्हणून हें 'फसवें' नांव. सायमन्स टाऊनहून होडीनें आम्ही तेथील सील आयलंड ह्या खडकाळ बेटापाशीं गेलों. बेटावर वृक्ष नाहीं. हजारों सील मात्र एकमेकांस खेटून पडलेले. त्यांचा कोलाहल व दुर्गंध दुरूनच जाणवतो.

ह्या पाण्यांत पूर्वीं पांढऱ्या शार्कचें राज्य होतें. आपल्या कोंकणांत ज्यांस मुशी म्हणतात, त्यांच्याच जातकुळींतला हा मासा. पण त्याची मादी १५-१६ फूट भरते. सर्वांगांत हाड म्हणून नाहीं. सांगाडा सगळा कूर्चेचा. पोटांत हवेची पिशवी नसल्यामुळें तेलानें भरलेलें प्रचंड यकृतच त्यास तरंगण्यास साह्य करितें. करवती कांठांचे त्रिकोणी दांत ओळींनीं असतात. एक पडला कीं मागचा पुढें सरकतो. मुस्कटावरील सूक्ष्म छिद्रांच्या योगानें भक्ष्याच्या देहांतील क्षीण वीजहि त्यास कळते. पोहण्याचे स्नायू, मेंदू व डोळे तो भोंवतालच्या पाण्याहून उष्ण राखतो. म्हणून थंड समुद्रांतहि त्याचा वेग ढळत नाहीं.

लहानपणीं तो माशांवर जगतो. सुमारें १० फुटांचा झाला म्हणजे सीलकडे वळतो. तिकडील हिंवाळा जून ते ऑगस्ट. त्या दिवसांत अरुणोदयाच्या सुमारास तो खालून असा झेपावत असे कीं, भक्ष्यासह सबंध देह पाण्याबाहेर येई.

आम्हांस मात्र एकहि दिसला नाहीं. दक्षिण आफ्रिकेनें १९९१ सालीं त्यास कायद्याचें अभय दिलें. तरी २०१५ नंतर विरळ होत जाऊन तो येथून जवळजवळ नाहींसा झाला. २०१७ सालीं गान्सबाईच्या किनाऱ्यास यकृत काढून घेतलेलीं त्याचीं प्रेतें लागलीं. तें कृत्य डॉल्फिनच्या कुळांतील ओर्कांचें होतें. ज्या यकृतानें तारलें, त्यानेंच मारलें! कित्येक शास्त्रज्ञ मनुष्याच्या मासेमारीसहि दोष देतात.

धनी गेल्यावर प्रजा सुखी झाली काय? संशोधकांस आढळलें तें असें: सील वाढले, सात कल्ल्यांचे दुसरे शार्क बेटापाशीं येऊं लागले, आणि हे दोघे ज्यांवर जगतात ते मासे घटले. घरांतील मुलांस शार्कच्या दांतांच्या गोष्टी फार आवडतात. वाचकांनीं त्या सांगतांना हा हिशोबहि अवश्य सांगावा.