कोणत्या खात्यात लिहावे?

पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा नेम आपल्या पुष्कळ घरांतून अजून पाळला जातो. मात्र त्या नेमात कुत्र्याची जागा ठरलेली होती, आणि ती उंबऱ्याबाहेर होती. दुकानाच्या पायरीवर झोपणारा, रात्री वखारीची राखण करणारा कुत्रा कोणाच्याच मालकीचा नसे. आजारी पडला की एके दिवशी दिसेनासा होई आणि चार दिवसांनी त्याच पायरीवर दुसरा येऊन बसे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तो उंबरा ओलांडून आत आला. त्याच्याबरोबर त्याचे म्हातारपण आणि आजारपणही आत आले, हे मात्र बहुतेक घरांच्या उशिरा ध्यानात येते.

नाशिकच्या मेन रोडवर तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान असलेल्या एका कुटुंबाच्या ते ध्यानात आले श्रावणातील एका सकाळी. कॉलेज रोडवरील त्यांच्या घरी लाडू नावाचा गोल्डन रिट्रीव्हर सात वर्षांपासून वाढत होता. धाकट्या सूनबाई त्याच्या गळ्यात पट्टा अडकवीत असताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी हाताला लागल्या. दाबल्या तरी तो कण्हला नाही. आदल्या संध्याकाळीच तो गंगापूर रोडवर नेहमीसारखा धावून आला होता. डॉक्टरांनी खांद्यांच्या पुढे आणि मागच्या गुडघ्यांच्या पाठीमागे बोटे फिरवली. तेथेही गाठी होत्या. सुईने पेशी काढून काचपट्टीवर घेतल्या गेल्या आणि दोन दिवसांनी अहवाल आला. लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग.

थोरल्या भावांनी व्यापाऱ्याला शोभतील असे तीन प्रश्न विचारले. खर्च किती, दिवस किती आणि हमी किती? डॉक्टरांनी उत्तरेही तितकीच रोखठोक दिली. काहीच केले नाही तर साधारण एक-दोन महिने. नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर काही आठवडे बरे वाटेल, पण हिशेब फारसा बदलणार नाही. चार औषधे आलटून पालटून देण्याची केमोथेरपी पाच-सहा महिने चालते. तिने पुष्कळ कुत्र्यांच्या गाठी विरतात आणि वर्षभराच्या आसपास आयुष्य मिळते. मग आजार बहुधा परततो. हमी कशाचीच नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली, ती प्रत्येक घराने लक्षात ठेवण्याजोगी आहे. गाठ दिसली म्हणून निदानाआधीच कोणी स्टेरॉइड सुरू केले, तर निदान अवघड होते आणि पुढे केमोथेरपीही नीट लागू पडत नाही. तसेच माणसांची वेदनाशामके कुत्र्याला परस्पर देऊ नयेत. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी घरोघरी असणारी गोळीही त्याला विषारी ठरू शकते.

दुसऱ्याच दिवशी शेजारून एक वाक्य आले : "खिचडी-दहीच खाऊ घालत होतात ना त्याला? मग आणखी काय होणार!" या एका वाक्याने घरातील बायका रात्रभर जाग्या राहिल्या. डॉक्टरांनी ते निकालात काढले. लिम्फोमा मांस खाणाऱ्या कुत्र्यांनाही होतो, त्याचे नेमके कारण बहुतेक वेळा हाती लागत नाही आणि गोल्डन रिट्रीव्हर ही जात त्याला अधिक बळी पडते. मांजराचे शरीर मांसावाचून भागवू शकत नाही. कुत्रा मात्र नीट समतोल राखलेल्या शाकाहारावर जगू शकतो. तो समतोल राखला जातो की नाही हे तपासणे वेगळे, आणि आजाऱ्याच्या दारात उभे राहून दोष देणे वेगळे.

खरा पेच पैशाचा निघाला, तोही पैसा नसल्याचा नव्हे. मुंबईला जाऊन सल्ला घेतला, तपासण्या झाल्या, तेव्हा एकूण आकडा लाखांच्या घरात जाणार हे स्पष्ट झाले. धाकटे भाऊ म्हणाले, "घरात जीवदयेचे खाते आहे, त्यातून करू." दरवर्षी पर्युषणात आणि वडिलांच्या पुण्यतिथीला त्या खात्यातून पांजरपोळाला रक्कम जाते. थोरल्यांनी मान हलवली. तेवढ्या पैशांत किती भाकड गाईंचा वर्षाचा चारा होतो, हा त्यांचा सवाल होता. गोठ्यातली गाय मुकी आणि सोफ्यावरचा कुत्रा तेवढा बोलका, असे आहे काय?

या सवालाला आपल्या समाजात जुना वारसा आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि बाजारपेठ बंद पडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह पारशी, जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनी मुंबईचे पांजरपोळ उभारले. आज पांजरपोळ म्हटले की गाय डोळ्यांपुढे येते. त्या पांजरपोळाच्या जन्माला कुत्रा कारण झाला हे आपण विसरलो. पण तो कुत्रा कोणाचाच नव्हता, आणि दानाचा अर्थ तेथेच होता. पारशी समाजाने पुढे दवाखान्यांचीही वाट धरली. रतन टाटा यांना आपल्या कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात न्यावे लागले होते आणि तोवर उशीर झाला होता. त्यांच्या पुढाकाराने मुंबईत महालक्ष्मीला लहान प्राण्यांचे पाच मजली रुग्णालय २०२४ साली सुरू झाले, त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला ते गेले. आसरा देणे आपल्याला साधले. औषध देण्याच्या बाबतीत आपण मागे राहिलो, असे म्हणायला हरकत नसावी.

घरातील वाद दादीजींनी मिटवला. वय वर्षे ऐंशी, चौविहार नियमाने आणि प्रतिक्रमण रोजचे. त्या म्हणाल्या, "जीवदयेच्या खात्याला हात लावू नका. लाडूवर खर्च करणे हे दान नव्हे, तो आपला मोह आहे. मोहाचा खर्च घरखर्चात लिहा." थोरल्यांना वाटले, आई आपल्या बाजूने बोलली. पण दादीजींचे बोलणे संपले नव्हते. "आणि घरखर्चात लिहिल्यावर मग हात आखडता घेऊ नका. घरचा आजारी असेल तर आपण चाऱ्याचा भाव काढतो का?"

त्या निर्णयात भाबडेपणा नव्हता. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार दादीजी रोज संध्याकाळी आठवतात : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. बांधणे, मारणे, अंग छेदणे, जास्त ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. हे पाचही प्रामुख्याने आपल्या आश्रयाला असलेल्या जिवांविषयी सांगितले गेले आहेत. अतिचारांची ही यादी वाचली की लक्षात येते, ज्याला आपण पट्टा घातला त्याचे देणे आपल्यावर आधीच चढलेले असते. ते फेडणे म्हणजे पुण्य जोडणे नव्हे.

केमोथेरपी माणसांची पाहिलेल्या घराला कुत्र्याची केमोथेरपी सौम्य वाटते. मात्रा तुलनेने कमी ठेवतात, कारण समूळ बरे करण्यापेक्षा उरलेले दिवस सुखाचे जावेत हा हेतू असतो. लाडूच्या मिशा तेवढ्या गळल्या. एखाद-दुसऱ्या वेळी उलट्या झाल्या, एकदा पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून डोस आठवडाभर पुढे ढकलला. औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवस त्याचे मलमूत्र हातमोजे घालून उचलायचे, मुलांना तेथे फिरकू द्यायचे नाही, हे नियम सूनबाईंनी भिंतीवर लिहून लावले. पर्युषणाआधी गाठी हाताला लागेनाशा झाल्या.

स्टेरॉइडने मात्र घराची घडी विस्कटली. त्या गोळ्यांनी भूक आणि तहान बेसुमार वाढते. सूर्यास्तापूर्वी चूल विझणारे ते घर. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी रात्री अकराला लाडू पुढचे पाय पसरून बसे आणि एका सुरात कुंई-कुंई करी. दोन रात्री सर्वांनी कानाडोळा केला. तिसऱ्या रात्री दिवा लागला तो दादीजींनी लावला होता. स्वतः पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या त्या बाईने दुपारचा भात कालवून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "पच्चक्खाण मी घेतले आहे. त्याने कुठे घेतले?"

दिवाळीचे वहीपूजन झाले, मकरसंक्रांत गेली, होळी झाली. वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात जबड्याखाली पुन्हा गाठ आली, आणि या वेळी औषधाने ती हलली नाही.

आता प्रश्न इंजेक्शनचा आला. डॉक्टरांनी तो आपणहून काढला नाही. पुण्याला शिकणाऱ्या नातीने काढला. लाडू धापा टाकत होता, गिळताना त्रास होत होता. "त्याला झोपवणे हीच दया नाही का?" तिने विचारले. असह्य वेदनेतील प्राण्याचे जीवन संपवण्याची तरतूद १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातही आहे. तिने साबरमतीच्या वासराचा दाखला दिला. १९२८ साली आश्रमातील एक वासरू असाध्य आजाराने तळमळत होते. सेवेने काही होणार नाही असे दिसल्यावर गांधीजींनी डॉक्टरांकडून विषाचे इंजेक्शन देववून त्याला मुक्त केले आणि तीही अहिंसाच असे लिहिले. त्यावर संतापाची पत्रे आली, त्यांत जैन मंडळींची पुष्कळ होती. आज शंभर वर्षे होत आली तरी तो वाद आपल्या घराघरांत तेथेच उभा आहे.

दादीजींनी नातीला गप्प केले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "बेटा, त्याचे आयुष्यकर्म किती शिल्लक आहे हे मला ठाऊक नाही. आणि आपल्याला त्याची वेदना बघवत नाही की त्याला ती सोसवत नाही, हे मला वेगळे करता येत नाही." प्रियजनाच्या वियोगाने मन पोळते तेही आर्तध्यान आणि देहाच्या पीडेने पोळते तेही आर्तध्यान, असे शास्त्र सांगते; पण पहिले आपले असते आणि दुसरे त्याचे. दोन्ही एकाच खोलीत असली की माणूस एकाला दुसरे समजतो. ज्या घरांनी अशा वेळी इंजेक्शनचा निर्णय घेतला त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार, रात्रभर तशा श्वासाजवळ न बसलेल्या कोणालाही नाही.

या घराने तो घेतला नाही. मात्र 'निसर्गावर सोडू' असे म्हणून हातही झटकले नाहीत. डॉक्टर घरी येऊन वेदनाशामक देऊ लागले, श्वास सुकर व्हावा म्हणून औषध बदलले. मारणे आणि सोडून देणे यांच्या मधली ही वाट अधिक खर्चाची आणि अधिक जागरणाची असते. थोरले भाऊ बाराला दुकानाचे हिशेब आटोपून त्याच्याजवळ चटई टाकत आणि पहाटेपर्यंत त्याची कूस बदलत. साधुसाध्वींच्या शुश्रूषेला आपण वैयावृत्त्य म्हणतो. कुत्र्यासाठी तो शब्द वापरावा की नाही, हे ठरवत बसायला त्यांना सवड नव्हती.

शेवटचे दोन दिवस लाडूने अन्न घेतले नाही. नळीने भरवावे काय? भक्तपानविच्छेदाचा दोष लागेल ही दादीजींची धास्ती. त्यांनी स्थानकात जाऊन साध्वीजींना विचारले. उत्तर मिळाले की अन्नपाणी तोडणे हा अतिचार; समोर ठेवलेले त्याने न घेणे हा नव्हे. पाणी जवळ ठेवा, ओठ ओले करा. नातवाने विचारले, "म्हणजे लाडूने संथारा घेतला?" साध्वीजी हसल्या नाहीत. समजून-उमजून घेतलेल्या व्रताचे नाव असे वाटेल त्याला देऊ नये, म्हणाल्या. नवकार मात्र कानी पडू द्यावा.

जीवंधरकुमाराची कथा दादीजींनी त्या रात्री मुलांना सांगितली. लोकांनी मारून अर्धमेला केलेल्या कुत्र्याच्या कानात त्याने पंचनमस्कार मंत्र म्हटला, आणि तो कुत्रा मरून सुदर्शन नावाचा यक्ष झाला. कुत्रा हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच, म्हणजे मन असलेला जीव आहे. सम्यक्त्वाचे दार अशा जिवाला बंद नाही, हेही त्यांनी सांगितले. पहाटे लाडूचा श्वास थांबला तेव्हा खोलीत पाचजण होते. आडगावजवळच्या मळ्यात, विहिरीपासून दूर, खोल खड्डा करून त्याला ठेवले.

दुकानात त्या दिवशी थोरल्यांनी वही उघडली. डॉक्टरांची शेवटची फी, औषधे, खड्डा खणणाऱ्या गड्याची मजुरी, सारे घरखर्चात लिहिले. पर्युषणाला अजून चार महिने होते. जीवदयेच्या खात्यातून पांजरपोळाला जायची रक्कम त्यांनी त्याच दिवशी काढून ठेवली, दरवर्षीएवढीच.

संध्याकाळी नातवाने विचारले, "दादीजी, लाडू यक्ष झाला असेल का हो?"

"ते केवली जाणे," दादीजी म्हणाल्या. "तू आधी जेवून घे. सूर्य मावळायला आला."