घोट्यावरचे बूट

चिरंजीवांनी पहिल्या पगारातून माझ्यासाठी बूट आणले. खोका उघडला आणि मी गप्पच झालो. पांढरे शुभ्र, जाड तळाचे, घोट्याच्याही वर चढणारे, थेट बास्केटबॉलचे! माझे वय बासष्ट. आयुष्यात उडी मारली असेल ती फक्त लोकल पकडण्यासाठी.

"बाबा, खेळायला नाहीत, रोज घालायला आहेत. जुन्या घाटाचे, रेट्रो," तो म्हणाला.

जुन्या घाटाची भांडी ठाऊक होती. बूट प्रथमच पाहत होतो. चौकशी केली तेव्हा कळले, घराणे खरेच जुने आहे. अमेरिकेत १९१७ साली कॉन्व्हर्सचे 'ऑल स्टार' हे कापडी बूट निघाले ते याच खेळासाठी. १९८२ साली नायकेच्या 'एअर फोर्स वन'मध्ये ब्रूस किलगोरने टाचेखाली हवाबंद गादी घातली, आणि चवड्याखाली वर्तुळे कोरली. हेतू हा, की खेळाडूला एका पायावर गर्रकन फिरता यावे. पुढे खेळाडूंना हलके बूट मिळाले आणि हे मैदानावरून निवृत्त होऊन रस्त्यावर आले. माझ्यासारखेच म्हणा ना!

माझ्या जोडाचे नाव सांगत नाही. उगाच जाहिरात नको. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत घातले. पहिल्या आठवड्यात घोटा सोलवटला, मग चामडे नरमले. तळ सपाट, रुंद. उखडलेल्या फरश्यांवर पाऊल डगमगत नाही. तळाच्या कडेला शिवण आहे, तेव्हा उसवला तरी पुन्हा शिवता येईल, असा कोपऱ्यावरच्या मोचीने निर्वाळा दिला. वजन मात्र असे, की जिना चढताना पायांना नारळ बांधल्यासारखे वाटते. वैशाखात पाय उकडले. आषाढात चवड्यावरच्या भोकांतून पाणी सरळ मोज्यात.

पण खरी परीक्षा उंबरठ्याशी. या बुटांच्या कर्त्यांनी सगळ्याचा विचार केला, सत्यनारायणाला निघालेल्या माणसाचा तेवढा केला नाही. दारात वाकायचे, घोट्यापासून नाड्या सैल करायच्या, पाय उपसायचा. तोवर आत आरती संपत आलेली! यजमान म्हणतात, "असू द्या, या तसेच." नजर मात्र फरशीवर. तेव्हा माझा निकाल असा : रोजच्या वापराला घोट्याखालचा जोड घ्यावा, तोही संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, मोजे घालून पाहून.

हा निकाल चिरंजीवांना ऐकवावा म्हणून आधी घरात बोलून पाहिला. सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नववीत त्याने असेच बूट मागितले होते. तुम्ही म्हणालात, कॅनव्हासच्या बुटांनी चेंडू जाळीत जात नाही का?"

त्या वर्षी त्याचा घोटा मुरगळला होता. शाळेच्या सामन्यांत तो बाकावर बसून टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मी नाड्यांशी झगडत होतो. ऑफिसला निघालेला तो थांबला, खाली बसला आणि वरची दोन भोके त्यानेच ओढून घेतली.

"इथे घट्ट हवे, बाबा."

मी दुसरा पाय पुढे केला.