मोटारीचा उंबरठा

आमच्या वाड्याच्या फाटकापाशीं एक दगडी चढ आहे. मोटार आंत घेतांना तिचें डावें मागचें चाक प्रथम त्यावर चढतें, आणि क्षणभर गाडीचा एक कोपरा उंच व बाकीचे तीन खालीं अशी स्थिति होते. गेल्या वर्षीं आषाढांत अशाच एका क्षणीं आमच्या १९७८ सालच्या पद्मिनीचें मागचें दार आपोआप उघडलें. दाराला टेकून आमची सहा वर्षांची पुतणी बसली होती. वहिनींनीं तिचा दंड घट्ट धरला म्हणून ती खालीं पडली नाहीं. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याहूनहि कमी होता. हेंच हमरस्त्यावर घडलें असतें तर, हा विचार त्या रात्रीं कोणीं बोलून दाखविला नाहीं, आणि कोणाच्या मनांतून तो गेलाहि नाहीं.

गाडी तीर्थरूपांनीं घेतलेली. मातुःश्रींचे गुडघे दुखतात. नव्या गाड्यांपेक्षां हिच्यांत चढणें-उतरणें त्यांना सोपें जातें, म्हणून ती रोजच्या वापरांत राहिली आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं दोन पक्ष पडले. दादा म्हणाले, खालून जाड पत्रा ठोकून चासी मजबूत करावी आणि मागचे पाटे कडक घालावे. आमचें मत गाडी काढून टाकावी असें पडलें. मातुःश्रींनीं दोघांचेंहि ऐकून घेतलें व एवढेंच म्हटलें, "आधीं रोग काय आहे तें पाहा. मग औषध आणावयाचें कीं तिरडी, तें ठरवा."

पाहावयास गेलों तेव्हां प्रथम हें कळलें कीं, "चासी मजबूत करणें" हा शब्दप्रयोगच या गाडीला लागू पडत नाहीं. मोटारींच्या आरंभींच्या काळांत खालीं शिडीसारखा लोखंडी सांगाडा व त्यावर बैठकीची पेटी, अशीं दोन निराळीं अंगें असत. मालमोटारींत ती रीत अद्याप आहे. १९२२ सालीं इटलींतील लान्शिया कारखान्यानें आपल्या 'लाम्ब्दा' गाडींत हा भेद मोडला व कायेलाच सांगाड्याचें काम दिलें. १९५३ सालीं निघालेली फियाट ११०० ही याच पद्धतीची. आणि शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली पद्मिनी ही तिच्याच वंशांतली. तिला वेगळी चासी नाहीं. जमीन, छप्पर, खांब आणि दारांखालचे दोन पोकळ उंबरठे मिळूनच तिचा कणा होतो.

हें तत्त्व घरींच पडताळून पाहतां येतें. पेढ्यांची रिकामी पेटी घ्यावी, झांकण काढावें आणि दोन्ही टोकें विरुद्ध दिशांनीं पिळावीं. पेटी सहज पिळली जाते. मग झांकण चारी कडांनीं खळीनें चिकटवून वाळूं द्यावें व पुन्हां पिळून पाहावें. पुठ्ठा तोच, वजन तेंच. पण पेटी दाद देत नाहीं. याचा हिशेबहि ठरलेला आहे. २० मिलिमीटर त्रिज्येची व १ मिलिमीटर जाडीची लोखंडी नळी लांबीभर एका रेषेंत चिरली, तर पिळाविरुद्धची तिची ताठरता सुमारें १२०० पटींनीं घटते. लोखंड गुंजभरहि कमी झालेलें नसतें. केवळ घेर तुटलेला असतो. म्हणून जुन्या गाडीला ताठपणा आणावयाचा तो प्रथम लोखंड वाढवून नव्हे, तर तुटलेले घेर पुन्हां मिटवून.

पत्र्याचें काम करणाऱ्या मिस्त्रींनीं गाडीचा एक मागचा कोपरा जॅकनें उचलला आणि आम्हांस दार लावावयास सांगितलें. तें लागेना. चौकट तिरपी होऊन कुलपाची जीभ आपल्या खांचेपासून दूर सरकली होती. मिस्त्रींनीं खालीं वाकून उंबरठ्यांत पेचकस टोंचला, तो मुठीपर्यंत आंत गेला. बाहेर आलें तें लोखंड नव्हतें. गंजाचे पापुद्रे होते, आणि त्यांच्यावर रंगाखालीं लपविलेली लांबी होती.

ती लांबी आम्हींच भरविली होती. २०१८ सालीं गाडीच्या नोंदणीचें नूतनीकरण करावयाचें होतें व तें काम आमच्याकडे होतें. त्या वेळीं उंबरठ्यास दोन भोंकें दिसलीं. दादांना सांगावें तर खर्च निघणार, बोलणें होणार. म्हणून आम्हीं तीं बुजवून वर रंग दिला. शिवाय गंज येऊं नये म्हणून गाडीच्या तळाला काळा जाड लेप देवविला. उंबरठ्यांत शिरणारें पाणी वाहून जावें म्हणून तळाशीं बारीक छिद्रें ठेवलेलीं असतात. त्या लेपानें तींहि बुजलीं. पाणी आंत कोंडलें आणि पोलाद आंतून कुजत गेलें. बाहेरून मात्र गाडी कधीं नव्हे इतकी सुरेख दिसत होती! दादा शेजारींच उभे होते. आम्हीं सर्व सांगून टाकलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, मग म्हणाले, "तूं भोंकें झांकलींस, आणि मी जाड पत्रा ठोकून तेंच करणार होतों."

जाड पत्र्याविषयीं मिस्त्रींचेंहि मत प्रतिकूल पडलें. पातळ पत्र्यावर जाड पट्टी बसविली कीं सारा ताण पट्टीच्या कडेशीं गोळा होतो, आणि जुना पत्रा तेथेंच चिरतो. त्यांनीं गाडी चार भक्कम आधारांवर समतल बसविली, पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवली, दारांच्या चौकटींचे कर्ण मोजून खडूनें लिहून ठेवले आणि प्रत्येक चौकटींत तात्पुरती लोखंडी सळई जोडली. आधाराविना उंबरठा कापला, तर गाडी मध्यें वाकते आणि मग नवा उंबरठा तिला त्या वांकड्या स्थितींतच कायमची जखडतो. एका वेळीं एकच बाजू कापली. मूळच्याच जाडीच्या पत्र्याचे आंतील व बाहेरील भाग खांबांशीं व जमिनीशीं वेल्डिंगनें जोडून पेटी पुरी मिटविली. शेवटीं पोकळींत पातळ मेण फवारलें आणि पाण्याचीं छिद्रें उघडीं ठेवलीं.

दादांचे कडक पाटेहि राहून गेले. स्प्रिंगेचें काम लवणें हें आहे आणि कायेचें काम न लवणें हें आहे. काया पिळूं लागली कीं चालविणाऱ्यास गाडी सैल वाटते, व तो स्प्रिंगा कडक करतो. मग रस्त्याचा प्रत्येक धक्का त्या दुबळ्या कायेलाच सोसावा लागतो. रोजच्या गाडीला ताठ अंग आणि मऊ स्प्रिंगा हेंच हितकर. शर्यतींच्या गाडींत घालतात तशा नळ्यांचा पिंजरा आंत बसविण्याची सूचना एका आप्तांनीं केली होती. परंतु शिरस्त्राण न घातलेल्या माणसाच्या डोक्याशेजारीं उघडी नळी असणें हाच एक अपघात आहे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा फेरफार करूं देत नाहीं. आम्हीं केली ती दुरुस्ती, फेरफार नव्हे.

एवढें करून आमची पद्मिनी नव्या गाडीसारखी सुरक्षित झाली, असा आमचा मुळींच दावा नाहीं. धडकेचा जोर पुढच्या भागानें चुरून स्वतःवर घ्यावा, अशी योजना नव्या गाड्यांत हिशेबानें केलेली असते; ती वेल्डिंगनें आणतां येत नाहीं. म्हणून गाडी गांवापुरतीच वापरावयाची, वेग आवरावयाचा आणि आसनाचे पट्टे बांधावयाचे, असा नियम घरांत सर्वांनीं मान्य केला आहे. सध्यां तरी औषध लागू पडलें आहे; तिरडीचा प्रश्न पुन्हां निघेल तेव्हां निघेल.

काम झाल्यावर प्रथम गाडी फाटकांतून आंत घेतली तेव्हां मातुःश्री ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. मागचें चाक चढावर चढलें, स्प्रिंग दबली, गाडी एका कुशीवर झुकली आणि दार मिटलेलेंच राहिलें. तेव्हांपासून दर मृगाच्या आधीं आम्ही तार घेऊन उंबरठ्याचीं छिद्रें मोकळीं करतों. पुतणी बॅटरी धरून शेजारीं बसते आणि प्रत्येक छिद्रांतून तार पार गेली कीं नाहीं, तें स्वतः पाहिल्यावांचून आम्हांस उठूं देत नाहीं.