थंड डोक्याचा

उंची बोटभर. अंगात पांढरी बंडी, कमरेला सहाकोनी पट्टा, खाली आटे पाडलेला एकच पाय आणि त्या पायाच्या टोकाशी आत वळवलेली करंगळी. मुक्काम इंजिनाच्या हेडमध्ये. वरून बारा व्होल्टची बॅटरी कॉईलला करंट देते, कॉईल त्याचे वीस-तीस हजार व्होल्ट करते आणि ते सगळे याच्या डोक्यावर आदळतात. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर इंजिन ओरडत असताना हा सेकंदाला पन्नास वेळा ठिणगी टाकतो. तरी बॉनेट उघडल्यावर दिसत नाही, कारण कॉईल त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली असते.

आमच्या जुन्नर-आंबेगावात प्लगची ओळख कारमुळे झाली नाही. ट्रॅक्टर डिझेलवर, टोमॅटो वाहणारी पिकअप डिझेलवर, त्यांना ठिणगीचा प्लग लागतच नाही. हा भेटला तो एम-एटीत, लुनात, राजदूतमध्ये आणि फवारणीच्या पंपात. दुधाच्या किटल्या अडकवलेली एम-एटी ओतूरच्या चढाला बंद पडली की डिकीतून पाना निघायचा. प्लग खोलायचा, काजळी पॉलिश पेपरनं घासायची, करंगळीखालच्या गॅपमध्ये हॅकसॉ ब्लेडचा तुकडा सरकवून बघायचा, मग प्लग इंजिनाला टेकवून किक मारायची. ठिणगी निळी पडतेय की पिवळी, यावर रस्त्याकडेला चार जण मत द्यायचे. कुठल्याही कंपनीचा असो, नाव एकच: मायको. त्या नावाचा चौक आमच्याच महामार्गाच्या पलीकडच्या टोकाला, नाशकात आहे, पण गंमत अशी की तिथला कारखाना डिझेल इंजिनांचे नोझल बनवण्यासाठी ओळखला जातो.

घासून-पुसून चालणारी ती पिढी मवाळ होती. टर्बो गाडीतला तिचा नातू वेगळा आहे. चाकणला तेव्हा तयार होणाऱ्या पोलोला २०१३ साली १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन मिळालं, मग इतरांच्याही छोट्या टर्बो गाड्या आल्या, आणि आता मंचरच्या बाजारात दहात एखादी तरी शिट्टी घालत जाते. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. उष्णताही जास्त, आणि ती सोसायची आमच्या बंडीवाल्याला.

माझ्या गाडीनं मला हे पोखरीच्या घाटात शिकवलं. गाडी जुनी घेतलेली, तीन सिलिंडरची. घोडेगावपर्यंत लोण्यासारखी चालली. डिंभ्याचं पाणी मागं पडून भीमाशंकरचा चढ लागला, दुसरा गिअर टाकून पाय दाबला, तशी गचके द्यायला लागली. चेक लाइट लुकलुकली. पाय हलका केला की शहाणी, दाबला की मिसिंग.

मंचरच्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधीच विचारलं, “सपाटीला गप्प, चढाला बोलते ना?”

“हो.”

“मग आधी प्लग बघू. कॉईल नंतर. उगाच खर्चात पडू नका, भाऊ.”

तिन्ही प्लग निघाले. आधीच्या मालकानं कुठून तरी स्वस्तात बसवलेले, साध्या बिनटर्बो गाडीचे. गॅप १.१ मिलिमीटर. टर्बोच्या गाडीत ती बहुधा ०.७-०.८च्या आसपास असते. कारण सोपं आहे. हवा जितकी दाबलेली, तितकं तिच्यातून ठिणगीला उडी मारणं अवघड. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात लिलाव ऐन रंगात असताना कुणाला काही सांगायचं तर आपण घसा फोडत नाही, कानाशी जातो. प्लगनंही तेच करायचं. सपाटीला सिलिंडरमध्ये गर्दी कमी, तेव्हा लांबून बोललेलं ऐकू येत होतं. घाटात टर्बोनं हवा कोंबली आणि ठिणगी अर्ध्यावर विझली.

गॅप हा झाला आवाज. स्वभाव निराळा, आणि निवडताना लोक फसतात ते इथंच. प्लग ‘गरम’ असतो किंवा ‘थंड’. ठिणगीच्या जोराशी याचा संबंध नाही. आतलं पांढरं नाक लांब असेल तर उष्णता हेडकडे जायला वेळ लागतो, प्लग तापट राहतो. नाक आखूड असेल तर तो ताप लगेच सोडून देतो. टोकाचं तापमान साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर हवं, म्हणजे काजळी आपोआप जळते. साडेआठशे-नऊशेच्या पलीकडे गेलं तर ते लाल टोकच ठिणगीची वाट न बघता पेट्रोल पेटवतं आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. म्हणून तापलेल्या घरात थंड डोक्याचा माणूस.

पण फार थंडही नको. एका ओळखीच्या पोरानं हौसेनं दोन पायऱ्या थंड प्लग टाकले. त्याची गाडी घर ते मळा, मळा ते डेअरी एवढीच फिरते. टोक कधी पुरेसं तापलंच नाही. महिन्याभरात प्लग बुटाच्या पॉलिशसारखे काळे आणि सकाळी स्टार्टर खर्र-खर्र. इंजिनाची ताकद पाऊणशे-शंभर अश्वशक्तीनं वाढवली तर एक पायरी थंड, असा शर्यतवाल्यांचा ठोकताळा आहे. आमच्या गाड्यांची सगळी मिळकतच तेवढी. कंपनीनं इंजिन बनवतानाच टर्बो धरून प्लग ठरवलेला असतो, गाडीच्या पुस्तकात नंबर छापलेला असतो, आणि पुस्तक डॅशबोर्डात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरं पडून असतं.

नंबरातही गोम आहे. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, बॉशचा वाढला की गरम. एकाचा सहा बघून दुसऱ्याचा सात उचलणारा माणूस उत्तरेला जायचं म्हणून दक्षिणेची एसटी पकडतो.

माझ्या गाडीला नवे आणले ते इरिडियमचे, पुस्तकातल्या नंबराचे. इरिडियम वितळायला दोन हजार चारशे अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला निघते. जुन्या सवयीनं कुणी पॉलिश पेपर काढला तर त्याचा हात धरावा. या टोकाला घासणं सोसत नाही. मिस्त्रींनी इंजिन गार होऊ दिलं, आटे बोटांनीच बसवले आणि शेवटी टॉर्क पाना लावला. “हेड ॲल्युमिनियमचं. जोर केला की आटे गेले,” एवढंच म्हणाले.

येताना नारायणगावहून खोडदकडे वळलो, तिकडे काम होतं. शेतांच्या मधोमध जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या मान वर करून उभ्या होत्या. अशा तीस आहेत, आभाळातून येणारे रेडिओ तरंग ऐकणाऱ्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, त्यामागं इथला माणसांचा रेडिओ गोंगाट कमी, हेही एक कारण होतं. आणि आमचा बंडीवाला जातीचा गोंगाटी. १८८७च्या सुमारास हर्ट्झनं रेडिओ तरंग पहिल्यांदा काढून दाखवले ते ठिणगीतूनच. प्रत्येक प्लग म्हणजे एक छोटं आकाशवाणी केंद्र, कार्यक्रम एकच, खरखर. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ याच कारणानं डिझेलच्या गाड्या फिरवतात. पेट्रोलवाल्यांसाठी उपाय म्हणून हल्लीच्या प्लगच्या पोटात काही हजार ओहमचा रोध भरलेला असतो. नंबरातलं ‘आर’ हे अक्षर त्याचंच.

मी गाडी हळू केली. डिकीत ते तीन जुने प्लग मिस्त्रींनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिले होते, खड्ड्यागणिक एकमेकांवर वाजत होते. फवारणीच्या पंपाला चालतील का, असं घरी पोचताच चुलत्यांनी विचारलं.