डब्यावरचा त्रिकोण

महागाव तालुक्यात पऱ्हाटीच्या फवारणीला रोजाने जाणारी आम्ही माणसे. त्या विषाला आम्ही विष म्हणत नाही, 'औषध' म्हणतो.

२०१७ सालच्या हंगामात आमचे थोरले दादा फवारणीहून आले ते ओसरीवरच बसले. डोळ्यांपुढे अंधारी, घाम, उलट्या. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. वर मारलेला फवारा तोंडावरच यायचा. आम्हाला वाटले, ऊन लागले. लिंबूपाणी पाजून रात्र काढली. सकाळी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेले, तर तिथे अशाच रोग्यांची रांग. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. आमचे दादा वाचले.

"कोणते औषध मारले?" डॉक्टरांनी विचारले. आम्हाला सांगता येईना. दोन-तीन डबे एकत्र कालवून दिलेले होते.

घरी आल्यावर आम्ही ते रिकामे डबे पाहिले. प्रत्येकावर रंगीत त्रिकोण. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. हा रंग प्रयोगशाळेतल्या उंदरांसारख्या प्राण्यांवरून ठरतो. किती विष पोटात गेले किंवा कातडीला लागले म्हणजे निम्मे प्राणी मरतात, ते मोजतात. वजनाच्या किलोमागे पोटातून ५० मिलिग्रॅमपर्यंत पुरले, तर त्रिकोण लाल.

श्वासाची परीक्षा निराळी असते. उंदरांना पेटीत ठेवून साधारण चार तास विषारी हवा देतात, मग चौदा दिवस पाहतात. पण त्रिकोणाचा रंग या परीक्षेवरून ठरत नाही. शिवाय पेटीतले विष एकच आणि मोजलेले. आमच्या दादांनी तर दिवसभर मिसळ हुंगली, तोंडाला नुसता रुमाल बांधून.

मुक्या जिवांनी प्राण देऊन जे सांगितले, ते बारीक अक्षरांत डब्यावरच राहिले. आमच्यापर्यंत पोहोचलेच नाही.

म्हणून माता-भगिनींनो, हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नका. औषधे एकत्र कालवू देऊ नका. वारा तोंडावर येत असेल तर पंप खाली ठेवायला सांगा. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. मळमळ, चक्कर दिसताच सकाळची वाट पाहू नका, डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. प्रत्येक विषाचा उतारा वेगळा, आणि काहींना तर उताराच नाही.

आणि डबा फोडण्याआधी घरातल्या शिकलेल्या लेकराकडून तो वाचून घ्या. आमच्या घरी आता तसेच करतात.